ड्रायव्हरची झोप कुणाच्या हिशेबात?

बस अपघाताच्या बातमीत ‘चालकाला डुलकी लागल्याने’ हे शब्द आले की वाचणाऱ्याला कारण सापडल्यासारखं वाटतं. तपास करणाऱ्यांनाही तसंच वाटतं. चालकावर गुन्हा दाखल होतो, तो वाचला असेल तर त्याला अटक होते, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. माझं म्हणणं असं की चौकशीची सुरुवातच या शब्दांपासून व्हायला हवी. डुलकी का लागली? आदल्या दिवशी हा माणूस कुठे झोपला होता, किती तास झोपला होता, स्टिअरिंगवर बसून त्याला किती वेळ झाला होता, आणि ही ड्युटी त्याला लावली कुणी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच ड्रायव्हरकडे असतं. ते गाडीमालकाकडे असतं, बुकिंग घेणाऱ्याकडे असतं, वेळापत्रक ठरवणाऱ्याकडे असतं. आणि यांच्यापैकी कुणाचंही नाव गुन्ह्यात सहसा येत नाही.

पुणेकरांनी हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त लावून धरायला हवा, कारण हे शहर रात्रीच्या बसवर चालतं. हिंजवडीत संगणकासमोर बसणारा अमरावतीचा मुलगा, चाकणच्या कारखान्यातला लातूरचा ऑपरेटर, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी जळगावची मुलगी, हे सगळे शुक्रवारी रात्री गावाकडे निघतात आणि सोमवारी सकाळी परत कामावर हजर असतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे ते अहमदनगर. आज त्याच रस्त्यावरून रोज रात्री स्लीपर गाड्यांची रांग लागते. आत माणसं पांघरूण घेऊन झोपलेली असतात. ती निश्चिंत झोपू शकतात, कारण पुढे एक माणूस जागा आहे असं त्यांनी धरलेलं असतं.

तो माणूस कधीपासून जागा आहे, ते बघू.

नागपूरला जाणाऱ्या खासगी बसचं तिकीट काढताना बसायचं ठिकाण निवडायला सांगतात. यादी लांबलचक असते. निगडी, चिंचवड, वाकड, संगमवाडी, येरवडा, विमाननगर, खराडी बायपास, वाघोली, शिक्रापूर. आपण आपल्याला सोयीचं ठिकाण निवडतो आणि साडेआठला वाघोलीत गाडीत चढतो. आपला प्रवास तिथे सुरू होतो. ड्रायव्हरचा प्रवास साडेपाच-सहाला निगडीत सुरू झालेला असतो. त्याच्याही आधी गाडी धुऊन घेणं, डिझेल भरणं, हवा तपासणं, पार्सलं डिकीत रचून घेणं झालेलं असतं. मग ऐन गर्दीच्या वेळी बारा मीटरची गाडी घेऊन पिंपरी-चिंचवड आणि पुणं पार करायचं. क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच. डावीकडून घुसणारी दुचाकी, उजवीकडून आडवी येणारी रिक्षा. मागून बुकिंगवाल्याचा फोन, की खराडीचे तीन पॅसेंजर थांबलेत, किती वेळ? वाघोलीची कोंडी फोडून गाडी नगर रस्त्याला लागते तेव्हा प्रवासी जेवणाचा डबा उघडतात आणि ड्रायव्हरचे तीन-साडेतीन तास खर्ची पडलेले असतात. पुढे सातशेच्या आसपास किलोमीटर उरलेले असतात आणि सगळी रात्र उरलेली असते.

हे तास मालकाच्या हिशेबात नसतात. तिथे ‘ट्रिप’ मोजतात. नागपूर एक ट्रिप, परत एक ट्रिप, त्यावर भत्ता. कायद्याच्या हिशेबात मात्र ते आहेत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात कामाचे तास म्हणजे काय हे स्पष्ट सांगितलेलं आहे. गाडी चालवण्याचा वेळ तर त्यात येतोच, गाडीशी संबंधित इतर कामांचा वेळही येतो. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या मार्गावर सवलत दिली तरी दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ च्या वर नाही. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. एक ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं. आता हा कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला आहे आणि आठ तासांचं तत्त्व तिथेही कायम आहे. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ नियम लिहिलेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाला केंद्राला सांगावं लागलं की राज्यांना बोलवा, बैठका घ्या आणि हे तास प्रत्यक्षात कसे पाळले जातील ते ठरवा. १९६१ च्या कायद्यासाठी २०२५ मध्ये बैठक घ्यायला सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

पळवाट कुठे आहे तेही उघड आहे. तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सुटला. मोठ्या नावाखाली धावणाऱ्या गाड्यासुद्धा अनेकदा वेगवेगळ्या मालकांच्या असतात. बाहेर रंग एकाचा, आत आरसी बुक दुसऱ्याचं. ड्रायव्हर पगारावर नसतोच, तो ट्रिपवर असतो. आज या गाडीवर, उद्या बदली म्हणून त्या गाडीवर. त्याचे आठवड्याचे तास मोजायचे तर कुणाच्या रजिस्टरात?

आता दिवसाची बाजू. माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

रात्रभर चालून आलेली गाडी सकाळी सात-आठला वाघोलीत शिरते. प्रवासी ठिकठिकाणी उतरवत निगडीला पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. मग गाडी कुठल्या तरी मोकळ्या जागेत, पुलाखाली किंवा ट्रॅव्हल्सच्या पार्किंगला लागते. ड्रायव्हरला परत संध्याकाळी निघायचं असतं. झोपायला मिळतात ते पाच-सहा तास, आणि झोपायची जागा म्हणजे तीच गाडी. संगमवाडीच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता उभ्या स्लीपर गाडीत डोकावून पाहा. इंजिन बंद म्हणून एसी बंद. काचा न उघडणाऱ्या, म्हणून दार आणि छतावरची झडप तेवढी उघडी. खालच्या बर्थवर बनियनवर झोपलेला माणूस, तोंडावर ओला पंचा. गाडी झाडणारा पोरगा आत-बाहेर करतोय, शेजारच्या गाडीचा रिव्हर्स हॉर्न वाजतोय, मोबाइल उशाशी आहे आणि तो वाजला की उचलावाच लागतो, कारण फोन मालकाचा असतो. संडासला जायचं तर शोधत फिरायचं. आंघोळ टँकरच्या नळाखाली, मिळाली तर. मी अशा एका ड्रायव्हरशी बोललो होतो. बीड जिल्ह्यातला, चाळिशीचा. झोप होते का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘पडून राहतो, साहेब. झोप दिवाळीनंतर.’’ दिवाळीत सगळ्यांत जास्त ट्रिपा असतात, एवढाच त्याचा अर्थ.

दिवसाची झोप रात्रीच्या झोपेची भरपाई करत नाही, हे वैद्यकशास्त्राने कधीच सांगितलं आहे. शरीराचं घड्याळ उजेडाशी बांधलेलं असतं. उन्हात, उकाड्यात, गोंगाटात लागलेली झोप तुटक असते आणि कमी भरते. रोज दोन-दोन तास कमी पडत गेले की ती तूट साठत जाते आणि एका चहाने फिटत नाही. त्यात रात्री दोन ते सहा या वेळात शरीर आपोआप मंदावतं, माणूस कितीही अनुभवी असो. पंचवीस वर्षांचा अनुभव रस्ता ओळखायला उपयोगी पडतो. झोप अडवायला तो उपयोगाचा नाही. सूक्ष्म झोप म्हणतात ती तर चार-पाच सेकंदांचीच असते. डोळे उघडेसुद्धा असू शकतात आणि मेंदू बंद असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी बस चार सेकंदांत जवळपास नव्वद मीटर जाते. तेवढं अंतर ती गाडी कुणीही चालवत नसतं. त्या माणसाला तंबाखू, पाण्याचे हबके, मोठ्याने लावलेली गाणी, खिडकीतून तोंडावर घेतलेला वारा यांनी काही मिनिटं मिळतात, तास मिळत नाहीत.

एक तुलना मला फार महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे वाहन चालवताना मद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराच्या ठोक्याला ही मर्यादा ओलांडून गेलेल्याच्या बरोबरीला येतो. पहाटे चारला तर तो एकवीस तास जागा असतो. प्यायलेल्या ड्रायव्हरला आपण गाडीत बसू देणार नाही, आरडाओरडा करू, पोलीस बोलावू. एकवीस तास जागलेल्याला ‘भाऊ, जरा लवकर पोचवा’ म्हणतो. नाकाबंदीत तोंडाला यंत्र लावणारा पोलीस ‘काल किती झोपलास’ हे विचारत नाही, कारण ते विचारायला त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि जे विचारलं जात नाही ते मोजलंही जात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. वाहतूक नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग आहे, मद्यपान आहे, चुकीच्या बाजूने चालवणं आहे, सिग्नल तोडणं आहे, मोबाइल आहे आणि उरलेलं ‘इतर’ आहे. थकव्याला स्वतंत्र रकाना नाही. झोपेत पायाखाली दाबला गेलेला ॲक्सिलरेटर अतिवेगात मोजला जाणार, झोपेत दुभाजकाला धडकलेली गाडी ‘नियंत्रण सुटल्याने’मध्ये जाणार. मग धोरण ठरवणारा म्हणतो, आपल्याकडे वेग ही समस्या आहे, कॅमेरे लावा. कॅमेरे लावावेतच. पण पहाटेचा ड्रायव्हर कॅमेऱ्याने जागा होत नाही.

गेल्या काही वर्षांतले आपल्या ओळखीचे अपघात आठवा. ८ ऑक्टोबर २०२२, नाशिक, यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस, १२ मृत्यू, वेळ पहाटेची. १५ एप्रिल २०२३, पुण्यातला कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणारं ढोल-ताशा पथक, खोपोलीजवळ बस दरीत, १३ मृत्यू, वेळ पहाटेची. १ जुलै २०२३, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला येणारी बस उलटून पेटली, २५ मृत्यू, वेळ मध्यरात्रीनंतरची. तिन्हींची कारणं एकच आहेत असा माझा दावा नाही आणि तीन अपघातांवरून सिद्धांत मांडताही येत नाही. मला बोलायचं आहे ते त्यानंतर काय झालं याबद्दल. सिंदखेडराजाच्या अपघातात आधी टायर फुटल्याचं सांगितलं गेलं, मग परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा नसल्याचं पुढे आलं. आपत्कालीन दार, खिडक्या, डिझेलची टाकी, रस्त्याची रचना, सगळ्यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ड्रायव्हरच्या आधीच्या तीन दिवसांचा ताळेबंद मात्र त्या चर्चेच्या मध्यभागी आला नाही.

समृद्धीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वेळ वाचवतो यात शंका नाही. पण सरळ, एकसुरी, दिवे नसलेला, वळण नसलेला रस्ता थकलेल्या माणसाला आणखी झोपवतो. नगर रस्त्यावरचा खड्डा निदान जागं तरी ठेवतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला तेव्हा थांबायला धड जागा, स्वच्छतागृह, खाण्याची सोय पुरेशी नव्हती. रस्ता आधी आणि माणसाला थांबायची जागा नंतर, हा क्रमच चुकीचा होता. शिवाय वाचलेला वेळ ड्रायव्हरला मिळालाच नाही. गाडी दोन तास लवकर पोचायला लागली म्हटल्यावर ती परत लवकर निघू शकते, एवढंच मालकाने पाहिलं.

मालकांची बाजू मी ऐकली आहे आणि ती अगदीच खोटी नाही. डिझेल, टोल, कर, हप्ता, बुकिंग ॲपचं कमिशन, रिकामी जाणारी मधल्या वारची गाडी. ड्रायव्हर मिळत नाहीत, नवी मुलं या धंद्यात येत नाहीत. ‘‘ड्रायव्हरच जास्त ट्रिप मागतात,’’ असंही ते सांगतात, आणि हेही खरं आहे. पण तो जास्त ट्रिप का मागतो? पगार ट्रिपवर असला की झोप ही त्याच्यासाठी बुडालेली मजुरी होते. घरी मुलीची फी भरायची असते. माणसाला झोप आणि मजुरी यांतलं एक निवडायला लावायचं आणि त्याने मजुरी निवडली की दोष त्याचा, हा न्याय नाही. दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च परवडत नाही म्हणतात, तर साधा हिशेब करू. समजा एका रात्रीच्या दुसऱ्या ड्रायव्हरला सगळं धरून दोन हजार रुपये लागले आणि गाडीत तीस प्रवासी असले, तर माणशी सत्तर रुपयेसुद्धा होत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात याच तिकिटाचे भाव किती चढतात हे पुण्यात कुणाला सांगायला नको. पैसा या धंद्यात येतो. तो ड्रायव्हरच्या झोपेपर्यंत पोचत नाही.

काही गाड्यांत दुसरा ड्रायव्हर असतोही. तो कुठे झोपतो? अनेकदा डिकीत, सामानाच्या कप्प्यात, पार्सलांच्या शेजारी. बर्थ विकायचा असतो. जो माणूस मध्यरात्री दोनला उठून तीस जिवांची जबाबदारी घेणार, त्याला धुरात आणि धक्क्यांत, आतून नीट उघडता न येणाऱ्या जागेत झोपवणं हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे. आग लागली तर तो तिथून बाहेर कसा पडणार, याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

एसटीतही सगळं आलबेल आहे असं नाही. तिथे निदान ड्युटीचा तक्ता असतो, वाहतूक नियंत्रक असतो, मुक्कामाच्या गाडीला नेमलेली विश्रांती असते. पण विश्रांतीगृहात ढेकूण-डासांनी झोप लागत नसेल आणि माणसं कमी म्हणून डबल ड्युटी पडत असेल, तर तक्त्यावरची विश्रांती कागदावरच राहते.

विमानाच्या बाबतीत आपण वेगळे वागतो. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी एका मोठ्या विमान कंपनीची तयारी नव्हती, हजारो उड्डाणं रद्द झाली, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरही माणसं तासन् तास अडकली. कंपनीला काही काळ सवलत द्यावी लागली. गोंधळ मोठा झाला, पण त्यानिमित्ताने आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती आणि रात्रीच्या दोनच लँडिंग ही भाषा घराघरात पोचली. थकलेल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये, हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. नितीन गडकरी यांनी २०२१ मध्येच म्हटलं होतं की वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरले पाहिजेत. युरोपात बस आणि ट्रकचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून फक्त दोनदा दहा, आणि गाडीतलं टॅकोग्राफ यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवतं. तिथे नियम माणसाच्या भलेपणावर सोडलेला नाही.

आपल्याकडे यंत्र नाही असंही नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागेचा ठावठिकाणा सांगणारं उपकरण सक्तीचं आहे. फास्टॅग प्रत्येक टोलनाक्यावरची वेळ नोंदवतो. गाडी किती वाजता कुठे होती आणि कुठे किती वेळ थांबली, हे सगळं सरकारला मिळू शकतं. फक्त एक दुवा नाही, की त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं. ड्रायव्हरने बसताना आपलं लायसन्स कार्ड टेकवल्याशिवाय नोंद सुरूच होणार नाही, एवढी जोड दिली की त्याचे तास त्याच्या नावावर जमा होतील, मग तो आज या मालकाकडे असो की उद्या त्या. डुलकी ओळखणारे कॅमेरे मोठ्या वाहनांत सक्तीचे करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला. चांगलंच आहे. पण तो कॅमेरा थकलेल्याला उठवतो, त्याला विश्रांती देत नाही. आधी तास, मग कॅमेरा.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी आहे. आठ तासांच्या जागी सोळा तास काम लावणं हा निष्काळजीपणा नाही का? प्रत्येक मोठ्या बस अपघातात ड्रायव्हरच्या आधीच्या ७२ तासांची नोंद पंचनाम्याइतकीच आवश्यक करावी, आणि तास ओलांडलेले निघाले तर मालक व ड्युटी लावणारा यांना सहआरोपी करावं. एका मालकाला असं कोर्टात उभं राहावं लागलं, तर दुसऱ्या ड्रायव्हरचे दोन हजार रुपये सगळ्यांना आपोआप परवडायला लागतील.

तिसरी गोष्ट पुण्याच्या हातातली आहे आणि तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. संगमवाडी, वाकड, वाघोली या तीन टोकांना महापालिकांनी आणि आरटीओने मिळून चालकांसाठी विश्रांतीगृहं बांधावीत. अंधाऱ्या खोल्या, पंखे-कूलर, स्वच्छ संडास-आंघोळ, फोन बाहेर ठेवायची सोय. खर्च खासगी बसच्या पार्किंग शुल्कातून काढावा. शहरातल्या पिकअपची फेरी लहान गाड्यांनी करावी आणि मोठ्या बसचा ड्रायव्हर ताजा असताना वाघोलीतूनच निघावा. यात अवघड काही नाही, मालकांचं डिझेलही वाचेल.

२०१८ पासून राज्यात खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीच्या वर घेता येत नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर आरटीओची पथकं भाडं तपासायला बाहेर पडतात. त्याच पथकांनी तिकिटाबरोबर ड्युटीचा तक्ताही मागावा. लायसन्स दोघांची आहेत का, दोघांची कालची ड्युटी किती वाजता संपली, दुसऱ्याचा बर्थ कोणता. उत्तर मिळालं नाही तर गाडी तिथेच थांबवावी आणि प्रवाशांची दुसऱ्या गाडीत सोय करायची जबाबदारी मालकावर टाकावी. आणि गाडीत बसलेल्या आपण, पोचायला दोन तास उशीर होणार म्हणून, त्या पथकाशी भांडू नये.